डबा रिकामा यायचा

परवा सकाळी पिपरी मेघेच्या चौकात एक बाई पोत्यावर तुरीच्या ओल्या शेंगांचा ढीग लावून बसली होती. शेंगांवर अजून दंव होतं. हा ढीग दिसला की इथला माणूस गाडी बाजूला लावतो, शेंग फोडून दोन दाणे तोंडात टाकतो आणि मग भाव विचारतो. मी स्कूटरचा वेग वाढवला.

दूध घेऊन घरी आलो, तर दारावरून हातगाडी येऊन गेली होती. माझी बायको सुनंदा अंगणातल्या उन्हात परात मांडीवर घेऊन शेंगा सोलत बसली होती. "पाहा बरं," ती म्हणाली, "यंदा दाणा कसा भरला." मी पाहिलं. शेंग सोलली की आतून जे हिरवे दाणे निघतात त्यांना आमच्याकडे सोले म्हणतात. सोले-वांग्याची भाजी, सोल्यांची कढी, खिचडीत मूठभर सोले. संक्रांतीपर्यंत घरोघरी हेच चालतं. सोलताना नखांत हिरवट काळं जाऊन बसतं, बोटांना दिवसभर गवतासारखा कच्चा वास येत राहतो. हा वास मला एकेकाळी फार आवडला होता. एकच हिवाळा. तीन वर्षं झाली त्याला. आता तो आला की मी काहीतरी काम काढून घरात निघून जातो. परवाही गेलो.

माझं देवळीला कृषी केंद्र होतं. बियाणं, खत, फवारणीची औषधं. तीस वर्षं मी तूर ओळखत होतो ती पिशवीतली, औषध चोळलेली, गुलाबी. मूठभर हातात घेऊन ती कशी उगवेल ते सांगायचो. पण तिची भाजी कशी होते हे मला ठाऊक नव्हतं, कारण भाजी ताटात यायची. गुडघे गेले तेव्हा दुकान पुतण्याच्या हाती दिलं आणि आम्ही वर्ध्याला, पिपरी मेघेतल्या या घरात आलो. सुनंदा तेव्हा नोकरीत होती. देवळीच्या पुढच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवायची. सकाळी नऊला निघायची. वर्ध्याहून बसनं देवळी, तिथून ऑटोनं शाळा, आणि संध्याकाळी त्याच वाटेनं परत. मुलगी पुण्याला. दिवसभर घरात मी आणि घड्याळ.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर सुनंदाला सारखी तहान लागायला लागली. फळ्यासमोर उभं राहिलं की पाय जड व्हायचे. रक्त तपासलं, साखर निघाली, चांगलीच. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "अर्धं औषध मी देतो, अर्धं तुमच्या स्वयंपाकघरात आहे." ज्वारीची भाकर, डाळी, पालेभाज्या, काकडी, पेरू. तळलेलं बंद, गोड बंद, बाहेरचं तर नावच नको.

परतताना ऑटोत ती म्हणाली, "सकाळी नऊले निघते मी. एवढं सारं कवा करू?"

"मी करतो," मी म्हणालो.

ती हसली असती तर बरं झालं असतं. ती नुसती माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तुमाले चहा तरी येते का?"

चहा येत नव्हता. पण माणसाला साठीत एखादी गोष्ट नव्यानं येऊ लागली की तिचा नाद काय असतो, ते मी त्या हिवाळ्यात पाहिलं. पहाटे उठायचो. बाहेर धुकं, स्वयंपाकघरात बल्बचा पिवळा उजेड, ओट्याचा दगड थंडगार. मुलगी पुण्याहून मोबाईलवर दिसायची. "बाबा, पाणी कडकडीत पाहिजे. आता पीठ टाका. हात भाजला तर भाजू द्या." पहिल्या भाकरीचा नकाशा झाला, दुसरी तव्यावर फाटली. दहाव्या दिवशी एक भाकर टम्म फुगली. ती फुगून हळूच एका बाजूनं वाफ सोडते, फुस्स करून, तो आवाज ऐकून मी एकटाच स्वयंपाकघरात हसलो होतो.

एक गोष्ट मात्र मला सगळ्यांपेक्षा जास्त कळत होती. कोणत्या भाजीवर काय फवारतात आणि तोडायच्या किती आधी फवारतात, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? तीच औषधं विकून मी घर बांधलं होतं. म्हणून मी मेथी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचो, वांगी चोळून चोळून धुवायचो. सुनंदा म्हणायची, "भाजीचे कपडे धुऊन राह्यले का?" मग ओळखीच्या एका शेतकऱ्याकडून बिनफवारणीची भाजी आणायला लागलो, सायकलवर, पाच-सहा किलोमीटर. गुडघ्यांनी तक्रार केली नाही. कारंज्याला माझ्या साळ्याची संत्र्याची बाग आहे, तिथून संत्री यायची. डॉक्टरांनी दिवसाला एक सांगितलं होतं, मी एकच ठेवायचो, सोलून, शिरा काढून. जवस भाजला की घरभर खमंग वास भरायचा. त्यात लसूण, तिखट, मीठ घालून चटणी. मुगाची धिरडी. अंबाडीची भाजी, तिच्यात ज्वारीच्या कण्या. पातोडीच्या, म्हणजे बेसनाच्या वड्या न तळता नुसत्या रश्शात सोडलेल्या. आणि पौष लागता लागता सोले. एक डबा भरायला मला तीन तास लागायचे.

नऊला ती निघायची. मी फाटकापर्यंत डबा घेऊन जायचो. संध्याकाळी सहाच्या सुमारास कोपऱ्यावर तिची हिरवी शाल दिसली की मी गॅसवर चहाचं आधण ठेवायचो, बिनसाखरेचं. ती पायऱ्या चढायची, पिशवी माझ्या हातात द्यायची. डबा हलका. उघडून पाहायचो, एक दाणा शिल्लक नसायचा.

"कशी झाली होती?"

"आज तर भारी झाली होती. लसणाचा वास मस्त लागला होता."

कधी म्हणायची, "मेथी जराशी कडवट होती, पण गोड लागली." कधी, "सोले बरे शिजले होते." एकदा म्हणाली, "तुमच्या हाताले चव येऊन राह्यली आता." त्या वाक्यावर मी चार दिवस काढले. बाजारात भेटणाऱ्या ओळखीच्या माणसांना मी थांबवून सांगायचो. मीही तिच्यासोबत तेच खात होतो, माझं वजन उतरलं, पँट कमरेत ढिली झाली. रात्रीचं जेवण आम्ही दोघं समोरासमोर बसून करायचो. ती थोडंच घ्यायची. मला वाटायचं, शाळेत दुपारी पोटभर होत असेल.

संक्रांतीच्या आधी पुन्हा रक्त तपासलं. मागच्या तीन महिन्यांत शरीरात काय चाललं होतं ते सांगणारी तपासणी. कागद पाहून डॉक्टरांनी चष्मा काढला. साखर वाढली होती.

"घरी खाण्यात काय असतं?"

मी पाठ म्हणावं तसं सगळं सांगितलं. सोमवारी काय, मंगळवारी काय, तेल किती चमचे, फळ कोणतं. डॉक्टर ऐकत होते, सुनंदा टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत होती. "एवढं सगळं करून कमी होत नाही, म्हणजे गोळ्यांचं काम राहिलं नाही," डॉक्टर म्हणाले. "इन्सुलिन सुरू करू."

बाहेर आलो. दवाखान्यासमोर पेरूची गाडी होती, पण घ्यायला हात धजेना. मला वाटलं, मीच कुठंतरी चुकलो. भाकरीचं प्रमाण जास्त झालं असेल, संत्रं नको होतं, सोले जड पडले असतील. मी सुनंदाला तसं म्हणालोही. "माझंच काहीतरी चुकून राह्यलं. तुले सुई टोचून घ्यावी लागते, ती माझ्या हातच्या खाण्यामुळं."

तिनं माझ्या कोपरावर हात ठेवला. "तुमचं काई नाई चुकलं," ती म्हणाली.

मला तो दिलासा वाटला. पाठ थोपटल्यासारखा. पुढं कळलं, डब्याबद्दल त्या हिवाळ्यात ती मला जे काही बोलली, त्यातलं तेवढं एकच वाक्य खरं होतं.

त्यानंतर मी डब्यातली भाकर दोनची दीड केली. संत्रं बंद केलं. वाचून वाचून कारल्याचा रस काढायला लागलो. ती रोज रिकामा डबा आणत होती आणि मी रोज थोडा अधिक अपराधी होत होतो.

संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. सकाळचे अकरा. सुनंदा शाळेत गेली होती. फाटक वाजलं. दारात एक बाई उभी होती, साठीच्या आसपासची, नऊवारी, डोक्यावर पदर, हातात शेंगांनी फुगलेली कापडी पिशवी.

"मॅडमचं घर हेच काय? मी गिरजाबाई. शाळेत खिचडी शिजवते मी."

मी तिला आत बसवलं, पाणी दिलं. ती वर्ध्याच्या दवाखान्यात दाखवायला आली होती. दिवाळीआधी तिचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. घरात ती एकटी, मुलगा कामासाठी परगावी. रक्त कमी झालं होतं, उठवत नव्हतं. तरी महिन्याभरात शाळेत कामाला आली, कारण दुसऱ्या बाईला ठेवलं असतं तर काम गेलं असतं.

"आज डाक्तर म्हणे, बाई, रक्त भरलं तुमचं. काय खाता?" ती हसली. तिचे समोरचे दोन दात नव्हते. "मी म्हटलं, आमच्या मॅडमचे साहेब डबा धाडते मायासाठी. म्हटलं, आता वर्ध्यात आलीच हाओ तं त्याइच्या पाया पडून जाव."

मी म्हणालो, "कोणता डबा?"

"असं काय करता भाऊ. रोजचा." ती मला जणू धीर देत होती, की चांगलं काम केलंय तर लाजता कशाला. "पहिल्यांदा मी घेतच नव्हती. मॅडमचा डबा म्या कसा खाव? तं मॅडम म्हणे, अवं, हा माया नाई, आमच्या यांनी खास तुयासाठी करून देल्ला. त्याइले सांगतलं मी तुया ऑपरेशनचं. मंग घेतला."

मी तिच्यासमोरचा पाण्याचा पेला उचलला आणि पुन्हा तिथंच ठेवला.

ती सांगत राहिली. तिला सगळं आठवत होतं, दिवसवार. जवसाची चटणी, अंबाडी, धिरडी. "राग नका येऊ देऊ," ती म्हणाली, "पण सुरुवातीले तुमच्या हाताले चव नव्हती बा. मीठ नाई, काई नाई. भाकर तं अशी, की पाण्यात बुडवा तवा मोडे. मंग येत गेली. आता सोल्यांची कढी करता ना, तशी तं मले बी नाई जमत. शंभर लेकरायले खिचडी शिजवणारी बाई मी, पण मायासाठी कोणी शिजवलं नोतं कधी."

हे ऐकायला मी तीन महिने पहाटे उठलो होतो. माझ्या स्वयंपाकाचं खरंखुरं वर्णन, सुरुवातीच्या अळणी दिवसांपासून. ते एका परक्या बाईच्या तोंडून येत होतं आणि आनंदानं मान डोलवावी, की डोकं धरून बसावं, मला कळत नव्हतं.

"मॅडम काय खाते मंग दुपारी?" मी शक्य तितकं सहज विचारलं.

"खिचडी चाखाची तं ड्यूटीच हाये त्याइची. दोन घास खाते." एवढं सांगून तिनं शेंगांची पिशवी माझ्या पायाशी ठेवली, खरोखरच वाकली, आणि मी मागं सरकलो. मी तिला खरं सांगितलं नाही. काय सांगणार होतो? की बाई, हे तुझ्यासाठी नव्हतं? रक्त भरून ती उठून उभी राहिली होती. मी म्हणालो, "येत जा." ती म्हणाली, "तब्येतीले जपजा भाऊ," आणि गेली.

त्या दिवशी मी पातोडी दिली होती.

संध्याकाळ फार हळू आली. मी दिवा लावला नाही. कोपऱ्यावर हिरवी शाल दिसली. ती पायऱ्या चढली, पिशवी माझ्या हातात दिली. मी डबा उघडला. स्वच्छ.

"कशी झाली होती?"

"पातोडी तं आज एकदम भारी," सुनंदा चपला काढत म्हणाली. "रस्सा दाट झाला होता."

"आज गिरजाबाई सुट्टीवर होत्या," मी म्हणालो. "मंग आज कोणी खाल्ली?"

तिचा एक पाय चपलेतच राहिला. तिनं कोपऱ्यातली शेंगांची पिशवी पाहिली. मग ती आत आली, पलंगावर बसली, आणि मला वाटलं होतं तशी रडली नाही.

"शाळेमागं एक कुत्री हाये," ती म्हणाली. "पिल्लं झालीत तिले."

तीच बोलत गेली. पहिल्या दिवशी तिनं खरंच खाल्लं होतं. घास गिळवेना. पण संध्याकाळी मी दारात असं तोंड करून उभा होतो, की तिच्यानं "छान होती" म्हटल्याशिवाय राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच म्हणणं सोपं गेलं. तिसऱ्या दिवशी गिरजाबाई वऱ्हांड्यात चक्कर येऊन बसली आणि डबा तिच्याकडे गेला, तो गेलाच.

"पण मंग चव आली होती ना?" मी म्हणालो. "तवा तरी खायचं होतं. आणि तू दुपारभर उपाशी राहत होती?"

"उपाशी नाई," ती म्हणाली. "देवळीच्या स्टँडवर खात होती. आलूबोंडे. चहा. साखरेचा."

"रोज?"

"रोज."

"डॉक्टरसमोर मी कसा बसलो होतो, ते पाहत होती तू. सुई लागली तुले. मी म्हटलं माझं चुकलं, तवाही तू गप."

"म्हटलं नाई का मी, तुमचं काई चुकलं नाई?"

"काऊन केलं असं, सुनंदा?"

तेव्हा तिनं वर पाहिलं. शिक्षिका वर्गात पाहते तशी, सरळ. "तीस वर्षं मी रांधलं. तुमी खाल्लं. बरं झालं, वाईट झालं, एक शब्द नाई. दुकानाचा विचार करत करत खात होते तुमी. मी तुमच्या मांगून जेवायची, उरलेलं. माया मनात काय हाये, मले काय खावंसं वाटते, हे कोणी इचारलं नाई. मंग साखर निघाली तं सारेच सांगाले लागले, हे खा, ते नको खाऊ. तुमीबी. स्टँडवर तेवढी पंधरा मिनिटं मी मले इचारून खात होती."

तिचं खरं होतं. शब्द न् शब्द खरा. मी डोळ्यांसमोर जुनी ताटं आणायचा प्रयत्न केला आणि मला एकही भाजी आठवेना. पण मला एक गोष्ट तेव्हाही कळली नाही आणि आजही कळत नाही. समोरच्याचं सगळं खरं असलं तरी आपलं दुखणं एका काडीनंही कमी का होत नाही? मी तिच्यावर ओरडलो नाही. ओट्याशी गेलो, भिजत घातलेली मटकी सिंकमध्ये ओतून दिली आणि येऊन पडलो. त्या दिवसापासून मी स्वयंपाक केला नाही.

गिरजाबाईच्या शेंगा पिशवीतच वाळल्या. शेंग वाळली की तडकते, दाणा आपोआप बाहेर पडतो. कोपऱ्यातून अधूनमधून तड् असा बारीक आवाज यायचा. सुनंदा पहाटे उठून आपला डबा आपण करायला लागली. संध्याकाळी मी काही विचारत नव्हतो, ती काही सांगत नव्हती. इन्सुलिनची बाटली फ्रिजच्या दारात असायची, ती स्वतःच पोटाला टोचून घ्यायची. मार्च उजाडेपर्यंत आम्ही पुन्हा बोलायला लागलो, वीजबिल, गॅस, मुलीचा फोन. घर चालायला लागलं.

मुलीला मी सांगितलं तेव्हा ती खळखळून हसली. "बाबा, कुत्रीनं पातोडी खाल्ली? हे मस्त आहे." तिनं ते तिच्या मैत्रिणींना सांगितलं, मावशीला सांगितलं. आता लग्नात, बारशात कोणीतरी भेटतंच. "काय भाऊ, अजून पोसून राह्यले का शाळेतल्या कुत्र्याइले?" मी हसतो. लोकांना वाटतं, बाईनं दुसऱ्या बाईला जेवू घातलं, एका व्यालेल्या कुत्रीचं पोट भरलं, यात राग धरण्यासारखं काय आहे? कोणाचं काही लुटलं गेलं नाही. मीही स्वतःला हे सांगून पाहिलं आहे. पण "आज भारी झाली होती" हे ऐकण्यासाठी मी आधण ठेवून दारात उभा राहायचो, ते उभं राहणं कुठं ठेवू?

गेल्या वर्षी सुनंदा निवृत्त झाली. शाळेत निरोपाचा कार्यक्रम होता, मलाही बोलावलं. पोरांनी कागदाच्या पताका लावल्या होत्या. सरपंच बोलले, मुख्याध्यापक बोलले. मग गिरजाबाई उठली, आपण होऊन. आता चांगली ठणठणीत दिसत होती. माईक तिला धरता येत नव्हता, तो हनुवटीला लागत होता. तिनं सगळ्या गावाला सांगितलं, मॅडमच्या साहेबांनी तीन महिने आपल्या हातानं रांधून मायासाठी डबा धाडला, माणूस असावा तं असा. टाळ्या वाजल्या. मुख्याध्यापकांनी लगेच एक शाल मागवली, नारळ मागवला, आणि मला मंचावर बोलावलं.

मी सुनंदाकडे पाहिलं. ती मांडीवरच्या हारातली पाकळी चुरगाळत होती. उठून मी सांगू शकलो असतो. गिरजाबाई पुढच्याच रांगेत बसली होती, पदरानं डोळे टिपत. मी गेलो, मान वाकवली, शाल घेतली. नारळ हातात जड लागला. तोपर्यंत खोटं सुनंदाचं होतं. त्या दिवशी त्याला माझाही हात लागला. परतताना बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो आणि शाल माझ्या खांद्यावरच राहिली होती, काढायची सुचली नव्हती.

आता ती घरीच असते. पथ्य पाळते, निदान माझ्यासमोर पाळते. साखर इन्सुलिनवर बरी आहे. दोन वेळचं ती रांधते आणि मी जेवताना "चांगलं झालं" म्हणायला शिकलो आहे. ती मान हलवते. आम्ही दोघंही त्या शब्दाकडे पाहत नाही.

काल पुतण्याचा फोन आला म्हणून देवळीला गेलो. काम तासाभराचं होतं. परतीच्या बसला वेळ होता. तीन वर्षं मी त्या स्टँडवरून येत-जात होतो, पण टपरीच्या बाजूला कधी वळलो नव्हतो. काल वळलो. का, ते सांगता येत नाही. सकाळी नखांत सोल्यांचा वास बसला होता, तेवढंच. सुनंदानं परात माझ्यापुढं सारली होती आणि मला नाही म्हणता आलं नव्हतं.

टपरीत दोन बाकडी. कढईत बोंडे तळून परातीत काढून ठेवलेले. मी दोन आलूबोंडे मागितले, चहा मागितला. खरं सांगतो, माझी एकच इच्छा होती. ते अप्रतिम असावेत. खाल्ल्यावर वाटावं, हो, यासाठी माणूस नवऱ्याशी तीन महिने खोटं बोलू शकतो. पहिला बोंडा फोडला. वरचं पीठ जाड, तेल जुनं, आत बटाटा थंड. हिरव्या मिरचीच्या चटणीला नुसता आंबूस वास. कोणत्याही स्टँडवर मिळतो तसा, त्याहूनही जरा उतरता. मला माझी सोल्यांची कढी आठवली.

"इथं एक शाळेच्या मॅडम येत होत्या का?" मी टपरीवाल्याला विचारलं. पन्नाशीचा गडी, झाऱ्यानं तेलातला चुरा काढत होता. "हिरवी शाल घ्यायच्या."

"येत होत्या ना," तो म्हणाला. "तुमी बसले तिथंच बसायच्या. रोज. गेल्या सालापर्यंत. रिटायर झाल्या वाटते."

गेल्या सालापर्यंत. म्हणजे त्या संध्याकाळनंतरही दोन वर्षं.

"दोन बोंडे, एक चहा, जास्त साखरेचा," तो आठवून सांगत होता. "बोलायच्या नाई फार. एकदा म्या म्हटलं, मॅडम, रोज बाहेरचं खाता, घरचा डबा आणत जा. तं म्हणे, घरी करून देणारं कोणी नाई."

हे ती कधी म्हणाली असेल? मी पहाटे उठत होतो त्या दिवसांत, की मी मटकी ओतून दिली त्यानंतर? जिभेवर प्रश्न आला होता. त्याला कुठलं आठवणार, आणि त्यानं काहीही सांगितलं असतं तरी ते घेऊन मी कुठं गेलो असतो?

वर्ध्याची बस फलाटाला लागली. कंडक्टरनं आवाज दिला.

"तुमी ओळखता काय त्याइले?" टपरीवाल्यानं विचारलं.

"नाई," मी म्हणालो. "मी नाई ओळखत."

आणि उरलेला बोंडा संपवून मी बसमध्ये चढलो.